बूस्ट उशिरा येतो: टर्बोचे भाग निवडण्याआधी आणि निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी निसान सिल्व्हिया एस१५, इंजिन तिचंच दोन लिटरचं एसआर२०डीईटी, पण आधीच्या मालकाने मूळचा टर्बो काढून गॅरेटचा जीटी३०७६आर बसवला आहे. टर्बाइन हाउसिंग, म्हणजे एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाभोवतीचं कवच, ०.८२ ए/आरचं (ए/आरचा खुलासा पुढे), मॅनिफोल्ड (इंजिनापासून टर्बोपर्यंतचा एक्झॉस्ट) लांब पाइपांचा, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला चुकवून सोडणारा व्हॉल्व्ह) बाहेरचा, पुढे टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर. १.४ बार बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबल्या जाणाऱ्या हवेचा वातावरणावरचा दाब, पूर्ण भरतो तो ४६०० आरपीएमला. ट्रॅकवर आखूड वळणातून बाहेर पडताना पाय पूर्ण दाबून वाट बघावी लागते, आणि मग ताकद एकदम अंगावर येते. तुम्हाला ३५० हॉर्सपॉवर पुरेशी आहे. ०.६३ चं हाउसिंग घ्यावं, ट्विन-स्क्रोल (एक्झॉस्ट दोन वेगळ्या वाटांनी घेणारा) टर्बो घ्यावा, की इंटरकूलरचे पाइप आखूड करावेत, असं तुम्ही विचारलं आहे.

दुखण्याचं मूळ तुमच्याच प्रश्नात आहे. हा टर्बो कंपनीच्या माहितीनुसार सव्वापाचशे हॉर्सपॉवरपर्यंतच्या कामाचा आहे आणि तुम्हाला हवी आहे ३५०. न वापरलेल्या त्या ताकदीची किंमत तुम्ही प्रत्येक वळणावर मोजताय. तरीही टर्बो आजच बदलू नका. तुमच्या ४६०० मधले काही शेकडा आरपीएम टर्बोच्या आकाराचे नसून गळतीचे, वेस्टगेटचे किंवा मॅपचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकात (ईसीयू) भरलेल्या इंधन-ठिणगीच्या आकड्यांचे, असण्याची दाट शक्यता आहे. ते आधी वेगळे काढले नाहीत, तर नवा टर्बोही त्याच आजारासकट बसेल.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ, कारण लॅग म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक म्हणजे बूस्टचा उंबरठा. इंजिन ज्या आरपीएमच्या खाली टर्बाइन फिरवण्याइतका एक्झॉस्ट देऊच शकत नाही, तो आकडा. उंबरठ्याखाली तुम्ही कितीही वेळ पाय दाबून धरा, पूर्ण बूस्ट येणार नाही. दुसरी गोष्ट खरा लॅग. उंबरठ्याच्या वर, बूस्ट भरता येईल अशा आरपीएमला तुम्ही पाय दाबला, तेव्हापासून बूस्ट भरेपर्यंत गेलेला वेळ. पहिल्याचं माप आरपीएममध्ये, दुसऱ्याचं सेकंदात. उंबरठा मुख्यतः टर्बाइनचा आणि हाउसिंगचा आकार, इंजिनाचं आकारमान आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांवर ठरतो. खऱ्या लॅगमध्ये फिरत्या चाकांचं जडत्व, मॅनिफोल्डमध्ये वाया गेलेली उष्णता आणि वेस्टगेटचं नियंत्रण यांचा हात जास्त.

हे दोन वेगळे मोजायचे असतील तर बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायचं यंत्र) दोन लॉग, म्हणजे आकड्यांच्या नोंदी, घ्या. पहिला चौथ्या गिअरमध्ये, २००० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून. दुसरा त्याच गिअरमध्ये, अर्धवट पायावर ४८०० आरपीएम स्थिर धरून एकदम पाय दाबायचा आणि १.४ बार यायला किती वेळ लागला ते बघायचं. दोन्ही वेळी आरपीएम, बूस्ट, वेस्टगेट सोलेनॉइडची (वेस्टगेटला मिळणारा दाब आवरणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) ड्यूटी, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जादा) हे पाच आकडे एकत्र नोंदवा. गिअर मी मुद्दाम सांगतोय. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा वेग इतका भरभर चढतो की टर्बो मागे राहतो आणि बूस्ट ५००० च्याही पुढे आल्यासारखा दिसतो. चौथ्यात लोड जास्त, चढ सावकाश, म्हणून तोच टर्बो ४२०० ला भरेल. दोन गाड्यांची तुलना करताना गिअर सारखा नसेल तर ती तुलना सोडून द्या. डायनोचे आलेखही असेच. रोलर सावकाश चढवला की कुठलाही टर्बो चपळ दिसतो.

आता गळती. शक्य तितक्या गाड्यांवर मी पहिलं काम हेच करतो. एअर फिल्टर काढून टर्बोच्या तोंडाला बूच लावायचं, त्यातून दाबाची हवा सोडायची आणि साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर बघायचं. दाब हळूहळू वाढवत तुमच्या चालत्या बूस्टच्या जवळ न्यायचा. अर्ध्या बारला गप्प असलेला होज १.२ बारला क्लॅम्पखालून फुसफुसायला लागतो, म्हणून कमी दाबावर समाधान मानू नका. इंटरकूलरचे टोकाचे वेल्ड, थ्रॉटल बॉडीचं पॅकिंग, ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा पडदा आणि त्याची व्हॅक्युम नळी ही नेहमीची ठिकाणं. एसआर२० वर हवेचं माप मूळच्या मास एअरफ्लो सेन्सरवरच असेल, तर मोजलेली हवा बाहेर गेल्यामुळे मिश्रणही रिच होतं, म्हणजे इंधन जादा पडतं. म्हणजे बूस्ट कमी आणि ज्वलनही मंद, असा दुहेरी तोटा.

एक्झॉस्टच्या बाजूची गळती त्याहून वाईट, कारण तिथून जाते ती टर्बाइन फिरवणारी शक्तीच. सिलिंडर हेड आणि मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीची काळी रेघ दिसते का बघा. एका गाडीचा मालक वर्षभर टर्बो बदलण्याच्या विचारात होता. मॅनिफोल्ड उतरवला तेव्हा चौथ्या सिलिंडरच्या पॅकिंगवर बोटाच्या पेराएवढा काळा पंखा उमटलेला होता, आणि फ्लँजवर पट्टी ठेवली तर खालून फीलर गेज सहज आत जात होता. इंजिन थंड असताना हलकी टिकटिक, गरम झाल्यावर आवाज बंद, एवढीच त्याची खूण होती. फ्लँज मशीनवर सपाट करून नवं पॅकिंग आणि नवे स्टड टाकल्यावर चौथ्या गिअरमधला पूर्ण बूस्ट ३०० आरपीएम आधी आला. पॅकिंग आणि स्टड सोडले तर नवा भाग एकही घ्यावा लागला नाही.

वेस्टगेटकडे येऊ. तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय इथे आहे. बाहेरचा वेस्टगेट, त्यात बहुधा ०.७ बारची स्प्रिंग, आणि बूस्ट १.४ बार. व्हॉल्व्हला खालून बूस्ट ढकलतो आणि तोंडावर एक्झॉस्टचा दाबही ढकलतो. त्यामुळे ०.७ ची स्प्रिंग ०.५ लाच व्हॉल्व्ह किंचित उचलू देते. टर्बाइनला प्रत्येक ग्रॅम गॅस हवा असतो त्याच क्षणी तो बाजूच्या दाराने निघून जातो. ड्यूटीच्या आकड्यात हे दिसत नाही, पण बूस्टच्या रेषेत दिसतं. ०.५ पर्यंत चढ ताठ आणि तिथून पुढे रेषा आळसावलेली असेल, तर दोष इथला धरा. उपाय स्वस्तातला आहे: १ बारच्या आसपासची स्प्रिंग टाका, वरच्या पोर्टला दाब देता येईल अशा पद्धतीने सोलेनॉइड जोडा, आणि मॅपमध्ये लक्ष्याच्या ०.१ ते ०.१५ बार खाली येईपर्यंत व्हॉल्व्ह गच्च बंद ठेवा. हवा गळू देणारा, हाताने पिळायचा बूस्ट कंट्रोलर असेल तर तो काढून टाका. पुरेशी चढ मिळण्याआधीच तो दार उघडतो. कमाल बूस्टची सुरक्षा मर्यादा ईसीयूत लावल्याशिवाय मात्र यातलं काहीही करू नका. स्प्रिंग बदलली की बूस्ट लक्ष्याच्या पुढे उसळी मारू शकतो.

मॅपमधून अजून बरंच मिळतं. उशिरा भरणाऱ्या टर्बोच्या मॅपमध्ये ३००० आरपीएमलाच, बूस्ट जेमतेम ०.२ असताना, मिश्रण लॅम्डा ०.७५ पर्यंत रिच केलेलं सापडतं. तिथे एवढ्या जादा इंधनाची गरज नसते. ते एक्झॉस्ट थंड करतं, आणि टर्बाइन तर उष्णतेवर चालतं. बूस्ट चढेपर्यंत ०.८८ ते ०.९० आणि पुढे दाब वाढेल तसं ०.८० कडे उतरणं, अशी आखणी मला ठीक वाटते. तरीही प्रत्येक इंजिनावर नॉक (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकूनच आकडा पक्का करावा. टायमिंगही त्या भागात थोडं मागे घेता येतं. ज्वलन उशिरा झालं की एक्झॉस्टमध्ये उष्णता जास्त जाते. फार मागे घेतलं तर इंजिनाची स्वतःची ओढ जाते आणि गाडी मठ्ठ होते, म्हणून इथे दोन-चार अंशांचाच खेळ आहे. एस१५ च्या इनटेक कॅमवर व्हेरिएबल टायमिंग आहे, ते चालू आहे का तपासा. मोठे कॅम टाकताना ते काढून टाकलेल्या गाड्या दिसतात. २७० अंशांचे कॅम असतील तर तेही तुमच्या उंबरठ्याचे भागीदार आहेत. ३५० हॉर्सपॉवरला मूळचे कॅम पुरतात.

एवढं सगळं नीट झाल्यावर तुमचा आकडा ४६०० वरून ४१०० ते ४२०० पर्यंत खाली आला तर मला नवल वाटणार नाही. त्यानंतरचं जे उरेल, ते टर्बोचं.

टर्बो किती मोठा हवा हे अंदाजाने ठरवू नका. हिशेब वहीच्या अर्ध्या पानात बसतो. दोन लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला मिनिटाला ७००० लिटर हवा ओढायला बघतं, कारण चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदाच भरणं होतं. भरण्याची कार्यक्षमता ९५ टक्के धरली तर ६.६५ घनमीटर. इनटेक मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब १.४ अधिक वातावरणाचा एक, म्हणजे २.४ बार. इंटरकूलरनंतरचं तापमान ५० अंश सेल्सिअस धरलं तर त्या हवेची घनता येते सुमारे २.५९ किलो प्रति घनमीटर. गुणाकार केला की मिनिटाला १७.२ किलो हवा. कॉम्प्रेसर मॅप (हवा दाबणारं चाक कुठल्या दाबाला किती हवा देतं त्याचे आलेख) बहुतेक पाउंडांत छापलेले असतात, म्हणून ३८ पाउंड. पेट्रोलवर मिनिटाला एक पाउंड हवेला साधारण १० हॉर्सपॉवर हा जुना आणि बऱ्यापैकी खरा अंदाज. म्हणजे इंजिनावर ३८० च्या आसपास. ३५० साठी ३५ पाउंड पुरेत, बूस्टही १.४ ऐवजी १.२ ते १.३ चालेल.

दाबाचं गुणोत्तर काढताना इंटरकूलरमध्ये हरवणारा ०.१ बार आणि फिल्टरचा थोडा विरोध धरायला विसरू नका. १.४ बार बूस्टला ते २.५५ च्या जवळ जातं. हा बिंदू कॉम्प्रेसर मॅपवर टाका आणि मग ३५००, ४५००, ५५०० आरपीएमचे बिंदूही टाका. डावीकडची सर्ज रेषा (तिच्यापलीकडे हवा उलटी फिरते) कुठेही ओलांडली जाऊ नये, उजवीकडच्या चोक रेषेला (तिच्यापुढे जास्त हवा जातच नाही) टोकाचा बिंदू भिडू नये, आणि तुम्ही सर्वात जास्त वेळ घालवता ते आरपीएम कार्यक्षमतेच्या मधल्या बेटावर यावेत. ट्रॅकवर हा वेळ तुमच्या कल्पनेपेक्षा खाली असतो. ७००० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं तर एस१५ च्या सहा गिअरच्या पेटीत आरपीएम ४९०० च्या आसपास पडतात, म्हणजे सरळ पट्ट्यावर तुम्हाला आजही फारसा त्रास नाही. त्रास आहे तो वळणातून ३२०० ते ३८०० वर बाहेर पडताना. टर्बो त्या ६०० आरपीएमसाठी निवडा. डायनोच्या टोकाच्या आकड्याने तुमच्या लॅपमध्ये काही फरक पडत नाही. शिवाय एसआर२० च्या रॉकर आर्मना ७५०० च्या पुढची धावपळ सोसत नाही, म्हणून उशिराचा बूस्ट वर जागा काढून भरून घेण्याचा मार्गही बंदच.

चाकांचे आकार बघताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा. एकाच घडणीच्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. तुमच्या जीटी३०७६आरचं टर्बाइन ६० मिमीचं आणि कॉम्प्रेसरचा बाहेरचा व्यास ७६.२ मिमी. शेजारी जीटी२८६०आरएस ठेवा: टर्बाइन ५३.९ आणि कॉम्प्रेसर सुमारे ६०. टर्बाइनमध्ये फरक जेमतेम ६ मिमीचा, पण जडत्व ७० टक्क्यांनी जास्त. कॉम्प्रेसरमध्ये तर तिपटीहून अधिक. कॉम्प्रेसर ॲल्युमिनियमचं, म्हणून हलकं. टर्बाइन निकेलच्या मिश्रधातूचं, त्याची घनता जवळपास तिप्पट. त्यामुळे भाग निवडताना नजर आधी टर्बाइनकडे जाऊ द्या. जाहिरातीत मात्र कॉम्प्रेसरचा आकडाच मोठ्या अक्षरांत असतो.

ट्रिम हा शब्दही त्याच जाहिरातींत येतो. आतल्या आणि बाहेरच्या व्यासाच्या भागाकाराचा वर्ग गुणिले १००, इतकंच. ५७ भागिले ७६.२, त्याचा वर्ग, म्हणजे ५६. ट्रिम मोठा असेल तर त्याच व्यासात हवा थोडी जास्त वाहते. लॅगच्या हिशेबात त्याला मी फार भाव देत नाही.

ए/आरला देतो. हाउसिंगच्या शंखाकृती वाटेचा कुठल्याही जागचा छेद घ्या, त्याच्या क्षेत्रफळाला त्या छेदाच्या मध्यापासून शाफ्टपर्यंतच्या अंतराने भागा, येणारा आकडा म्हणजे ए/आर. तो लहान असला की तोच गॅस अरुंद वाटेतून जास्त वेगाने पात्यांवर आदळतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखं. ०.८२ वरून ०.६३ वर गेलात तर माझ्या अनुभवात ३०० ते ५०० आरपीएम आधी बूस्ट येतो. वर मात्र टर्बाइनच्या आधीचा दाब वाढतो. हा दाब मोजता येतो: मॅनिफोल्डच्या जोडावर छोटं भोक, त्यातून स्टीलची नळी, ती वेटोळी करून थंड झाली की साध्या सेन्सरला. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दीडपटीत असेल तर मी निर्धास्त असतो. दुपटीच्या पुढे गेला तर जळालेला गॅस सिलिंडरमध्येच अडकतो, नॉक लवकर येतो आणि टायमिंग कमी करावं लागतं. ३५० च्या लक्ष्याला ०.६३ त्या मर्यादेच्या आत राहील. हाउसिंग लहान केल्यावर वेस्टगेटला जास्त गॅस बाजूला काढावा लागतो हे लक्षात ठेवा. त्याची नळी मॅनिफोल्डला काटकोनात, कोपऱ्यात चिकटवलेली असेल तर वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जाईल. नळी प्रवाहाच्या दिशेत तिरकी बसवून घ्या.

टर्बोच बदलायचा ठरला तर माझी पसंती आधुनिक, लहान चाकाच्या टर्बोला. गॅरेटचा जी२५-५५० बघा: कॉम्प्रेसर ६० मिमी, टर्बाइन ५४ मिमी, आणि कंपनी त्याला ५५० पर्यंतचा सांगते. पात्यांची घडण सुधारल्यामुळे जे काम आधी ७६ मिमीचं चाक करायचं ते आता ६० चं करतं. ३५० वर तो आरामात चालेल. हाउसिंग ०.७२ पासून सुरू करा. दुसरा मार्ग बोर्गवॉर्नरच्या ईएफआर मालिकेचा. नावातले पहिले दोन अंक कॉम्प्रेसरचे, नंतरचे दोन टर्बाइनचे मिलिमीटर, म्हणजे ६२५८ किंवा ६७५८ तुमच्या कामाचे. त्यांचं टर्बाइन टायटॅनियम ॲल्युमिनाइडचं असतं, आणि त्याची घनता निकेलच्या मिश्रधातूच्या निम्म्याजवळ. ५८ मिमी ऐकून घाबरू नका, ते वजनाने लहानच आहे. मित्सुबिशीनेही लान्सर इव्होल्यूशनच्या काही आवृत्त्यांत हाच धातू वापरला. हलकं चाक करण्याचा निसानचा जुना मार्ग सिरॅमिकचा होता. स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनावर सिरॅमिकचं टर्बाइन यायचं. चपळ होतं, पण बूस्ट वाढवला की पाती सुटून यायची. जुन्या गाडीतून काढलेला तसा टर्बो कुणी देत असेल तर घेऊ नका.

बॉल बेअरिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही, कारण तुमच्या टर्बोत ते आहेच. एस१५ च्या मूळ टर्बोतही होतं. बेअरिंगने घर्षण कमी होतं आणि खालच्या वेगावर, पाय सोडून पुन्हा दाबल्यावर, फरक जाणवतो. चुकीच्या आकाराचा टर्बो मात्र त्याने सुधारत नाही, हे तुमची गाडी स्वतःच दाखवते आहे.

आता ट्विन-स्क्रोल, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चार सिलिंडरच्या इंजिनावर याच्याइतका फायदा दुसऱ्या कशात नाही आणि याच्याइतकं चुकीचं काम दुसरं कुठलं होत नाही. तुमच्या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. दर १८० अंशांना एक सिलिंडर एक्झॉस्ट सोडतो, पण प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो २४० अंशांच्या आसपास. म्हणजे पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अजून मिटायचा असतो तोच तिसऱ्याचा दाबाचा ठोका मॅनिफोल्डमध्ये येतो. तो पुढे टर्बाइनकडे जातो तसा मागे पहिल्या सिलिंडरमध्येही घुसतो. शक्तीही गेली आणि पहिल्यात ताजी हवाही कमी भरली. १ आणि ४ एका वाटेने, २ आणि ३ दुसऱ्या वाटेने थेट टर्बाइनच्या पात्यांपर्यंत वेगळे नेले, की एका वाटेतल्या दोन ठोक्यांत ३६० अंशांचं अंतर पडतं. एकमेकांच्या अंगावर कुणी येत नाही आणि प्रत्येक ठोका अखंड टर्बाइनवर पोचतो. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात १-२-३ आणि ४-५-६ अशी जोडी लागते. तीन सिलिंडरमध्ये ठोके आधीच २४० अंशांवर असल्याने या उठाठेवीची गरज फारशी नसते.

पण हे वेगळेपण टोकापासून टोकापर्यंत अखंड हवं. माझ्याकडे एक गाडी आली होती, महागडा ट्विन-स्क्रोल टर्बो बसवलेली, मालक हवालदिल, कारण बूस्ट पहिल्यापेक्षाही उशिरा. टर्बो उतरवून बघितलं तर हाउसिंगच्या तोंडात मधली भिंत व्यवस्थित होती, पण मॅनिफोल्डच्या चारही नळ्या एकाच उघड्या कुंडात येऊन मिळत होत्या. फ्लँजवरचं पॅकिंगही मधल्या पट्टीशिवायचं, आणि भिंतीच्या कडेवर दोन्हीकडून सारखीच काजळी. हे ठोके शेवटपर्यंत मिसळलेलेच होते. दुसरी नेहमीची चूक वेस्टगेटची. दोन्ही वाटांतून नळ्या काढायच्या आणि व्हॉल्व्हच्या आधीच एकत्र जोडायच्या, म्हणजे भिंतीला मागच्या दाराने भोक पाडल्यासारखं. एकतर प्रत्येक वाटेला स्वतंत्र वेस्टगेट, नाहीतर व्हॉल्व्हच्या तोंडापर्यंत मधली भिंत असलेली नळी. मॅनिफोल्ड बनवणाऱ्याला हे दोन प्रश्न आधी विचारा. उत्तर अडखळत आलं तर काम दुसरीकडे द्या.

मॅनिफोल्डच्या नळ्या जाड नकोत. तुमच्याकडे ४८ मिमी बाहेरच्या व्यासाच्या असतील तर त्या ५०० हॉर्सपॉवरच्या आहेत. ३५० ला ४२ मिमीची, आतून ३५ च्या जवळपासची नळी बस होते, शक्य तितकी आखूड आणि वळणं सौम्य. टर्बाइनच्या आधी जागा कमी आणि उष्णता जास्त, टर्बाइननंतर वाट जितकी मोकळी तितकी चांगली, एवढं धरून चाला. डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) ७६ मिमी, टर्बोच्या तोंडाशी लगेच वाकवलेला नको. टर्बाइन हाउसिंगवर ब्लँकेट घाला. मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग बरं, कारण पट्टीखाली पातळ नळी फार तापून वेल्डपाशी तडकते आणि तडा दिसतही नाही.

इंटरकूलरच्या पाइपांचा प्रश्न हिशेबानेच मिटवू. समजा पाइप आणि इंटरकूलर मिळून १० लिटर जागा आहे. ती एक बारने भरायला वातावरणातली साधारण १० लिटर हवा लागते. ३००० आरपीएमला तुमचं इंजिन सेकंदाला ४५ ते ५० लिटर ओढतं. बूस्ट चढताना कॉम्प्रेसर त्याहून जास्त देतो. म्हणजे सगळी जागा भरायला लागतात सेकंदाचे एक-दोन दशांश. पाइप आखूड करून तुम्ही तीन लिटर वाचवले तर हाती येतात काही शतांश. त्यासाठी बंपर कापू नका. इंटरकूलर मोठा आहे तो राहू द्या, थंड हवेमुळे टायमिंग ठेवता येतं.

हलकं फ्लायव्हील लॅगला उपाय म्हणून घेऊ नका. खालच्या गिअरमध्ये इंजिन अजून भरभर चढेल आणि बूस्ट उलट जास्त आरपीएमवर दिसेल. त्याऐवजी थोडा आखूड फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचं शेवटचं गिअर-गुणोत्तर) तुम्हाला त्याच वळणातून २००–३०० आरपीएम वर बाहेर काढतो, आणि गाडी चालवताना ते बूस्ट तितकंच लवकर आल्यासारखं वाटतं. अँटी-लॅग, म्हणजे पाय सोडल्यावरही मॅनिफोल्डमध्ये इंधन पेटतं ठेवणं, हे रॅलीच्या गाड्यांचं काम. तिथे टर्बो ठरावीक अंतराने बदलायचाच असतो. तुमच्या गाडीत मी ते बसवून देणार नाही.

मोठ्या टर्बोचा मोह जुना आहे. पोर्शचा १९७५ चा ९११ टर्बो, ३ लिटरमधून २६० हॉर्सपॉवर, त्याच्या उशिरा येणाऱ्या धक्क्यासाठीच लक्षात राहिला. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, साबने ९९ टर्बो दाखवली. त्यांनी मुद्दाम लहान टर्बो निवडला, वेस्टगेटने वरचा बूस्ट आवरला आणि मधल्या आरपीएमची ओढ मिळवली. आजच्या बहुतेक टर्बो गाड्या साबच्या वाटेने गेल्या.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. आधी दोन्ही लॉग, मग दाब देऊन गळती, मॅनिफोल्डचा फ्लँज, वेस्टगेटची स्प्रिंग आणि जोडणी, मग मॅप. पुन्हा तेच दोन लॉग. पूर्ण बूस्ट चौथ्या गिअरमध्ये ४२०० च्या आसपास आला आणि तेवढ्याने तुमचं भागत असेल तर फक्त ०.६३ हाउसिंग घ्या आणि थांबा. ते ३८०० ला आणून ठेवेल. तुम्हाला ३५०० च्या आत हवा असेल, आणि तुमच्या वळणांचे आकडे बघता मला वाटतं तुम्हाला तेच हवं आहे, तर हाउसिंगवर खर्च न करता एकदाच नीट करा: अखंड विभागलेला मॅनिफोल्ड, ट्विन-स्क्रोल ईएफआर ६७५८. नवा मॅनिफोल्ड करवून घ्यायचा नसेल तर तुमच्याच फ्लँजशी जुळवून जी२५-५५०.

टर्बो बसवताना तेलाकडे दुर्लक्ष करू नका. बॉल बेअरिंगला तेल कमी लागतं, म्हणून टर्बोत आधीच बसवलेला नसेल तर येणाऱ्या नळीत सुमारे १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर हवा. तो जुन्या टर्बोवरचा असेल तर उचलून लावू नका, नवीन घ्या. परतीची नळी रुंद, कुठेही खोलगट न होता सरळ खाली संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात), आणि टर्बोचं तेलाचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त तिरकं नको. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टरवर फिरवा. पहिली २०–२५ मिनिटं नुसतं आयडलवर ठेवून प्रत्येक जोड टॉर्चने बघा. लॉग झाले की दोन्हींचे आकडे कळवा, वेस्टगेटच्या स्प्रिंगचा आकडा आणि मॅनिफोल्डच्या फ्लँजचा जवळून काढलेला एक फोटोही. त्यावरून हाउसिंग की टर्बो, हे नक्की सांगता येईल.